जळगावात बसून आर्क्टिकचा अभ्यास: आकडे कुठून काढायचे आणि काय मोजायचं हे कोणाला विचारायचं

भूगोल, पर्यावरणशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य असं काही शिकणारी आपल्याकडची पोरं-पोरी प्रोजेक्टचा विषय घ्यायची वेळ आली की तेच ते घेतात, तापीचं प्रदूषण, केळीचं अर्थशास्त्र, ठिबकचे फायदे, त्यात वाईट काही नाही पण लायब्ररीत त्याच विषयाचे गठ्ठे पडलेत. आणि कोणी आर्क्टिकचं नाव काढलं की बाकीचे हसतात, म्हणतात भो मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि तू चालला बर्फाचा अभ्यास करायला. तर करता येतो. लॅपटॉप, बऱ्यापैकी नेट आणि एक्सेल एवढं असलं तरी बीए-एमए-एमएस्सीच्या प्रोजेक्टपुरतं काम होतं, डेटा सगळा फुकट आहे, आणि अर्धं काम तर आपल्या रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्येच होतं, ते कसं ते पुढं येईल.

आधी विषय बारीक करा. "आर्क्टिकमधील हवामान बदल" हा विषय नाही, ते पुस्तकाचं नाव झालं. पार्श्वभूमी म्हणून दोन-तीन गोष्टी माहीत पाहिजेत त्या घ्या: १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलंय, समुद्रावरचा बर्फ मार्चमध्ये सगळ्यात जास्त आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यात कमी असतो, सप्टेंबर २०१२ मध्ये तो साधारण ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला आणि उपग्रहांच्या नोंदीतला तो नीचांक २०२४ पर्यंत तरी मोडलेला नाही. कारण काय, तर बर्फावर ताजा हिम असला की तो ऊन ८० टक्क्यांच्या वर परत फेकतो आणि उघडा समुद्र ते जवळपास सगळं पिऊन घेतो, म्हणून एकदा बर्फ हटला की पाणी तापतं, पाणी तापलं की अजून बर्फ हटतो. आणि एक, समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्यानं समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही, वाढते ती ग्रीनलँडसारख्या जमिनीवरच्या बर्फानं. हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात आणि निम्मे तिथंच अडकतात.

आता यातून एक प्रश्न उचलायचा. मी सांगतो तो घ्या असं नाही, पण माझं मत विचाराल तर हिवाळ्यातला पाऊस आणि रेनडिअर हा विषय घ्या. नॉर्वे-स्वीडन-फिनलंडच्या उत्तरेला सामी लोक आणि रशियात यामालला नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप पाळतात. हिवाळ्यात ही जनावरं खुरांनी हिम उकरून खालचं दगडफूल खातात. हिम कितीही पडू द्या, भुसभुशीत असलं तर जनावराला अडचण नाही. पण मध्येच पारा शून्याच्या वर गेला, पाऊस पडला आणि परत गोठलं की वर बर्फाचा कडक थर बसतो, जनावराला चारा समोर असून खाता येत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये यामालला असंच झालं आणि त्या हिवाळ्यात साठेक हजार रेनडिअर उपासमारीनं मेले. आता गंमत बघा, वर्षाचा एकूण पाऊस काढला, हिवाळ्याचं सरासरी तापमान काढलं, तर या नुकसानीचा त्यात पत्ताच लागत नाही. आपल्याकडं हरभरा काढणीला आला की एक दिवस अवकाळी येतो आणि वर्षाच्या सरासरीत तो दिसत सुद्धा नाही, तीच गत.

म्हणून या सगळ्या कामात एकच नियम मला पहिल्या नंबरचा वाटतो: काय मोजायचं हे आधी तिथं राहणाऱ्या माणसाकडून समजून घ्या, मग आकड्याकडं जा. उलटं करू नका. बहुतेक प्रोजेक्ट उलटे होतात, आधी डेटा डाउनलोड, मग आलेख, मग शेवटच्या प्रकरणात "स्थानिक लोकांच्या प्रतिक्रिया" म्हणून दोन पानं चिकटवलेली.

याचं आर्क्टिकमधलं गाजलेलं उदाहरण म्हणजे अलास्कातल्या बोहेड व्हेलची मोजणी. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं तिथल्या इन्युपियात लोकांची व्हेलच्या शिकारीवर बंदी घातली कारण शास्त्रज्ञांच्या हिशोबानं व्हेल फारच थोडे उरले होते. शिकारी म्हणत होते की तुमची मोजणीच चुकतेय, तुम्ही बर्फाच्या काठावर बसून समोरच्या उघड्या पाण्यातून जाणारे व्हेल मोजता, पण पुष्कळ व्हेल बर्फाच्या खालून जातात, लांबून जातात, ते तुम्हाला दिसणारच नाहीत. मग १९८० च्या दशकात पाण्यात माईक सोडून आवाजावरून मोजणी सुरू झाली, विमानातून झाली, आणि शिकारी बरोबर निघाले. २००१ च्या मोजणीचा आकडा तर दहा हजारांच्या पुढं गेला. यात शास्त्रज्ञ मूर्ख होते असं काही नाही, ते जे दिसत होतं ते प्रामाणिकपणे मोजत होते, फक्त काय दिसत नाही हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे होतं आणि सांगणारे तिथंच उभे होते.

तर आता कामाला लागू.

आधी हात बसवायला समुद्री बर्फाचा डेटा

रेनडिअरकडं जाण्याआधी एक सराव करून घ्या म्हणजे डेटाची भीती जाते. अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डरला नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर आहे, त्यांचा "सी आइस इंडेक्स" नावाचा डेटा आहे, त्यात ऑक्टोबर १९७८ च्या शेवटापासून रोजचा बर्फाचा विस्तार एका साध्या सीएसव्ही फाईलमध्ये मिळतो. डाउनलोड करा, एक्सेलमध्ये उघडा, पिव्होट टेबलनं प्रत्येक वर्षाच्या सप्टेंबरची सरासरी काढा आणि आलेख टाका. झालं, जगभरच्या बातम्यांत येणारा तो आलेख तुम्ही स्वतः काढला.

पण फाईल उघडली की काही गोष्टी खटकतील त्या समजून घ्या. सुरुवातीच्या वर्षांत एक दिवस सोडून एक नोंद आहे, कारण १९८७ पर्यंतचा जुना सेन्सर तसाच चालायचा. डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ मध्ये काही आठवड्यांची नोंदच नाही, ती रिकामी जागा शून्य धरली तर आलेखात बर्फ एका रात्रीत गायब झालेला दिसेल. आणि "विस्तार" म्हणजे काय ते नीट लक्षात घ्या, उपग्रहाच्या चौकोनात १५ टक्के किंवा जास्त बर्फ असला की तो पूर्ण चौकोन बर्फाचा धरतात, म्हणजे वावरात जेमतेम १५ टक्के कपाशी उगवलेली असताना सातबाऱ्यावर सगळं वावर कपाशीचं लिहिल्यासारखं. त्यामुळं विस्तार हा आकडा बर्फाच्या क्षेत्रफळापेक्षा नेहमी मोठा असतो, आणि जाडीबद्दल तर तो काहीच सांगत नाही. जाडीसाठी क्रायोसॅट-२ आणि आइससॅट-२ असे वेगळे उपग्रह आहेत, त्यात या लेव्हलला पडू नका.

आणखी एक मोह टाळा. आलेख २०१२ पासून सुरू केला तर बर्फ कमीच झाला नाही असं दाखवता येतं, १९९६ पासून सुरू करून २०१२ ला थांबवला तर तो कोसळला असं दाखवता येतं. व्हॉट्सॲपवर दोन्ही फिरतात. पूर्ण मालिका घ्या, पूर्ण मालिकेत सप्टेंबरचा बर्फ १९८१-२०१० च्या सरासरीच्या साधारण १२ टक्के दर दशकाला असा उतरताना दिसतो, आणि शेवटच्या पंधरा-एक वर्षांत तो उतार मंदावलेला दिसतो, दोन्ही लिहा. मंदावला हे लपवलं तर परीक्षक नाही पण पुढचा कोणीतरी पकडेल.

डोळ्यानं बघायचं असेल तर नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडा, लॉगिन लागत नाही, नकाशा आर्क्टिक प्रोजेक्शनवर टाका, तारीख बदला, दोन तारखा शेजारी ठेवून तुलना करायची सोय पण आहे. फक्त डिसेंबरची तारीख टाकून चित्र काळं का दिसतंय म्हणून विचारू नका, तिथं तेव्हा सूर्यच उगवत नाही. बर्फ मोजणारे उपग्रह मायक्रोवेव्हवर चालतात म्हणून त्यांना अंधार आणि ढग अडवत नाहीत.

आता खरा डेटा, आणि तो एकाच साईटवर दोन्ही ठिकाणांचा

नासाची "पॉवर" नावाची डेटा साईट आहे. त्यात नकाशावर बोट ठेवायचं किंवा अक्षांश-रेखांश टाकायचे, अॅग्रोक्लायमेटॉलॉजी निवडायचं, दैनिक डेटा निवडायचा, १९८१ पासून आजपर्यंतची तारीख द्यायची, आणि दोन मीटरवरचं कमाल तापमान, किमान तापमान, दुरुस्त केलेला पाऊस असे तीन रकाने टिक करून सीएसव्ही घ्यायचं. हीच साईट उत्तर नॉर्वेतल्या कौटोकेइनोचा डेटा देते आणि हीच रावेरचा देते, म्हणून मला ती आवडते. कौटोकेइनो का, तर ते सामी पशुपालकांचं मोठं केंद्र आहे आणि रेनडिअरपालनाचं आंतरराष्ट्रीय केंद्र तिथंच आहे. अक्षांश साधारण ६९ उत्तर, रेखांश २३ पूर्व टाका.

फाईल आली की पहिलं काम, उणे ९९९ शोधा. जिथं डेटा नाही तिथं ते असं लिहितात, ते तसंच ठेवलं तर तुमची सरासरी थेट मंगळावर जाईल. दुसरं काम, "हंगाम" नावाचा नवा रकाना करा, महिना नोव्हेंबर किंवा डिसेंबर असेल तर वर्ष अधिक एक, नाहीतर तेच वर्ष, कारण हिवाळा दोन वर्षांत विभागलेला असतो आणि कॅलेंडर वर्षानं मोजला तर दोन वेगळे हिवाळे एकमेकांत घुसतात. तिसरं काम, मोजायचं काय ते ठरवा, आणि इथं पशुपालकाचं म्हणणं कामाला येतं: नोव्हेंबर ते मार्च असे दिवस शोधा जेव्हा कमाल तापमान शून्याच्या वर आहे, पाऊस एक-दोन मिलिमीटरच्या वर आहे, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पारा परत चांगला शून्याखाली गेलाय. अटी टाकून मोजणारं एक्सेलचं काउंटइफ्स हे सूत्र आहे, त्यानं होतं, थोडी डोकेफोड आहे पण होतं. दर हंगामाला असे किती दिवस, त्याचा आलेख. मग सरासरी तापमानाचा आलेख शेजारी ठेवा आणि बघा दोन्ही सारखंच सांगतात का वेगळं.

आणि एक खोच, ती प्रोजेक्टमध्ये स्पष्ट लिहाच. पॉवरचा आकडा हा त्या गावातल्या थर्मामीटरचा नाही, मॉडेलनं काढलेला आहे आणि त्याचा चौकोन साधारण ५० किलोमीटरचा आहे. डोंगर-दरी-नदी असं सगळं त्या एका चौकोनात चेपलं जातं. हे दुर्गुण म्हणून नाही सांगत, उलट पुढं रावेरला गेल्यावर हाच मुद्दा तुमच्या प्रोजेक्टचा सगळ्यात चांगला भाग होणार आहे.

माणसांचं म्हणणं, तिकडं न जाता

कौटोकेइनोला जाऊन मुलाखती घेणं आपल्याला परवडत नाही, तर मग छापलेलं वाचायचं. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात "एआलात" नावाचा एक प्रकल्प झाला, रेनडिअर पशुपालकांचं ज्ञान आणि हवामानशास्त्र एकत्र ठेवायचा, त्याचे अहवाल मोफत मिळतात. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. जुने पशुपालक कळपात खच्ची केलेले मोठे नर बऱ्यापैकी ठेवायचे, कारण कडक थर फोडायची ताकद त्यांच्यात असते आणि त्यांनी उकरलेल्या जागी बाकीचे पण चरतात. मांसाच्या उत्पादनाच्या हिशोबानं असा नर म्हणजे फुकट खाणारा, म्हणून सरकारी सल्ला माद्या वाढवायचा आला आणि असे नर कमी झाले. म्हणजे त्याच पावसानं आता जास्त नुकसान होतं, आणि त्याचं कारण सगळं आभाळात शोधून चालत नाही. सोशल रिसर्च म्हणजे काय हे मला तरी कुठल्या व्याख्येपेक्षा या एका उदाहरणानं जास्त कळलं.

याशिवाय कॅनडातलं नुनात्सिअॅक न्यूज आणि नॉर्वेतलं हाय नॉर्थ न्यूज ही त्या भागातली वर्तमानपत्रं नेटवर वाचता येतात. कॅनडातल्या इन्युइट लोकांनी केलेलं "सिकू" नावाचं ॲप आहे, त्यावर शिकारी स्वतः बर्फाच्या, जनावरांच्या नोंदी टाकतात आणि कोणाला दाखवायच्या ते स्वतः ठरवतात. लॅब्राडोरच्या नेन गावातून सुरू झालेलं स्मार्टआइस आहे, त्यात गावातलीच माणसं स्लेजवर सेन्सर बांधून बर्फाची जाडी मोजतात आणि कुठून जाणं धोक्याचं ते गावाला कळवतात. हे सगळं वाचताना वही घ्या, प्रत्येक उताऱ्याला शेजारी एक-दोन शब्दांची खूण करा, "चारा", "वाट", "कर्ज", "सरकारी नियम", "पोरं गाव सोडतात" अशी, आणि वीस-पंचवीस उतारे झाले की खुणा मोजा. यालाच कोडिंग म्हणतात, सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. बहुतेक वेळा असं निघतं की हवामानाबद्दल बोलणारा माणूस दर तिसऱ्या वाक्याला डिझेलचा भाव, कोटा, खाण, रस्ता यावर येतो. ते विषयांतर समजून गाळू नका.

एक गोष्ट मात्र करू नका. तिकडच्या कोणाला तरी फेसबुकवर शोधून "सर आय अॅम फ्रॉम इंडिया, प्लीज फिल माय गुगल फॉर्म" असं पाठवू नका. या लोकांना संशोधकांचा इतका वैताग आलाय की कॅनडाच्या इन्युइट संघटनेनं २०१८ मध्ये संशोधनाचं स्वतःचं राष्ट्रीय धोरणच काढलं, आमच्या भागातलं संशोधन आम्ही ठरवू, डेटा आमच्याकडं राहील अशा अर्थाचं. नुनावुतमध्ये तर संशोधनाला परवाना लागतो, परदेशी असो की कॅनडाचाच. आर्क्टिक कौन्सिल म्हणजे तिकडच्या देशांचं मंडळ, त्यात पण आठ देशांसोबत मूळ रहिवाशांच्या सहा संघटनांना कायमची जागा आहे. भारत तिथं २०१३ पासून निरीक्षक आहे, म्हणजे मागच्या बाकावर, आणि त्या सहा संघटना पुढं टेबलाशी.

आता रावेर-यावल

हा भाग कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. आर्क्टिकची जी पद्धत वर वापरली तीच आपल्याकडं लावायची, आणि त्यासाठी केळी आणि थंडी याच्यासारखा विषय नाही. केळी हे उष्ण पिकच, रात्रीचा पारा दहाच्या खाली राहायला लागला की वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, थंडीचा चरका बसतो, निसवण अडते म्हणजे घड नीट बाहेर येत नाही. त्यातही पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग आणि कांदेबाग यांचं वेगळं, कांदेबागेची लागवड पावसाळ्याच्या शेवटी झालेली असते म्हणजे थंडी येते तेव्हा झाड कोवळं असतं. म्हणून "जानेवारीचं सरासरी किमान तापमान" हा आकडा शेतकऱ्याच्या काही कामाचा नाही. तो तुम्हाला सांगेल की एखादी थंड रात्र चालते, सलग तीन-चार रात्री चालत नाहीत, आणि वारा असला तर अजून वेगळं. झालं, तुम्हाला मोजायचं काय ते मिळालं: सलग किती रात्री, कोणत्या महिन्यात, तेव्हा बागेचं वय काय.

हवामान आधारित फळपीक विमा सुद्धा याच तत्त्वावर चालतो, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या अंशाखाली सलग ठरलेले दिवस राहिला तर भरपाई. आणि वादही इथंच होतो. केंद्र गावाजवळ उंचावर, बाग खाली सुकी नावाच्या नदीच्या काठाला खोलगटात, थंड हवा जड असते ती रात्री खाली उतरून साचते, केंद्रावर जेवढं निघतं त्याच्यापेक्षा बागेत कमी निघू शकतं. शेतकरी म्हणतो बाग बसली, कागद म्हणतो पारा उतरलाच नाही. व्हेलच्या मोजणीत जे झालं तेच. कोण खोटं बोलतंय हा प्रश्न सोडून द्या, कोणी कुठं उभं राहून मोजलं हे विचारा. एक साधं मॅक्स-मिन थर्मामीटर घ्या, बागेत सावलीत चार फूट उंचीवर लावा, दुसरं त्याच गावात उंचावर लावा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी नोंद आणि नोंद झाली की थर्मामीटर रिसेट. तो फरक हाच तुमचा निष्कर्ष. पॉवरचा आकडा, केंद्राचा आकडा, उंचावरचा आणि खोलगटातला, चार रकाने शेजारी.

मुलाखतीचं म्हणाल तर काही गोष्टी सांभाळा. "हवामान बदलामुळे आपले नुकसान झाले का" असं विचाराल तर समोरचा हो म्हणणारच, चहा पाजलेला असतो, पाव्हण्याला नाही कसं म्हणणार. त्यापेक्षा विचारा की बागेभोवती रात्री शेकोट्या पेटवून धूर करायची वेळ शेवटची कधी आली, रात्री विहिरीचं पाणी कधी सोडलं, वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी कधीपासून लावायला लागले. वर्ष आठवत नसलं तर आखाजीच्या आधी की नंतर, कानबाईच्या वेळी बाग केवढी होती, पोरीचं लग्न झालं त्या साली का त्याच्या पुढं, असं खुंटी धरून विचारा, बरोबर निघतं. मग तुमच्या तापमानाच्या रकान्यात ते वर्ष शोधा. जुळलं तर छान, नाही जुळलं तर अजून छान, तिथं परत जा.

बोली सांभाळा. धुळे-अमळनेरकडं अहिराणी, रावेर-यावल-भुसावळकडं लेवा बोली, सातपुड्यात चढलात की पावरी, भिली, तडवी, आणि पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले की उत्तरं पण पुस्तकी येतात, रेडिओवर मुलाखत दिल्यासारखी. पारावर फक्त पुरुष भेटतात, तर मजुरीला जाणाऱ्या बायांशी वेगळं बोला, रोज पान न् पान बघणाऱ्या त्याच असतात आणि चरका पहिल्यांदा कोणत्या कोपऱ्यात दिसतो हे मालकाच्या आधी त्यांना माहीत असतं. नाव लिहू का, रेकॉर्ड करू का हे आधी विचारा, नाही म्हटलं तर नाही. नावांची यादी आणि मुलाखतींची फाईल वेगवेगळी ठेवा, मुलाखतीवर फक्त नंबर टाका.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडं जाणार असाल तर अजून जरा दमानं. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं गेली ती याच भागातली, तिथल्या लोकांनी आयुष्यभर सर्वेवाले बघितलेत, फॉर्म भरून गेले ते परत दिसले नाहीत असे. निकाल एक पानावर मोठ्या अक्षरात लिहून परत गावात नेऊन वाचून दाखवायची तयारी नसेल तर तिकडं जाऊच नका, सरळ सांगतो.

दोन्ही टोकं जोडायची का

इथं बहुतेकांचा पाय घसरतो. "आर्क्टिकचा बर्फ वितळला म्हणून जळगावची केळी गेली" असं वाक्य लिहायची फार इच्छा होते. लिहू नका. भारतीय शास्त्रज्ञांचाच एक अभ्यास २०२१ मध्ये आला होता, त्यात रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमधला अतिवृष्टीचा पाऊस यांचा संबंध असू शकतो असं मांडलंय, मधला दुवा म्हणून वरच्या हवेतल्या लाटांचं स्पष्टीकरण दिलंय. "असू शकतो" हा शब्द त्यांनी वापरलाय, तुम्ही पण तोच वापरा. तुमच्या प्रोजेक्टमध्ये दोन ठिकाणांची तुलना आहे, एकामुळं दुसरं झालं हे सिद्ध करायला तुमच्याकडं ना डेटा ना कॉम्प्युटर. तुलना एवढीच की दोन्हीकडं सरासरी फसवते, दोन्हीकडं नुकसान ठराविक दिवसांत होतं, आणि दोन्हीकडं ते दिवस कोणते हे कामावरच्या माणसाला माहीत असतं. एवढं नीट दाखवलं तरी पुष्कळ झालं.

पुढं खरंच आर्क्टिकला जायचं असेल तर

भारताचं "हिमाद्री" नावाचं केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-आलेसुंदला आहे, १ जुलै २००८ ला सुरू झालं, उत्तर ध्रुवापासून साधारण १२०० किलोमीटर. २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्ड नावाच्या खाडीत "इंडआर्क" नावाची पाण्याखालची वेधशाळा सोडली, आणि डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातल्या मोहिमा पण सुरू झाल्या. हे सगळं गोव्यातल्या वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था चालवते, विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवतात, म्हणजे आपल्या बहिणाबाई विद्यापीठातून पण जाऊ शकतो, गाईड तयार पाहिजे आणि विषय तिथं जाऊनच होणारा पाहिजे. न्यू-आलेसुंद ही जुनी कोळशाच्या खाणीची वस्ती, १९६२ च्या मोठ्या अपघातानंतर खाण बंद झाली आणि नंतर तिथं संशोधनाची वस्ती झाली. तिथं गेल्यावर वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं कारण रेडिओ दुर्बिणीला त्रास होतो, आणि वस्तीबाहेर जायचं तर पांढऱ्या अस्वलासाठी बंदूकवाला सोबत लागतो.

समाजशास्त्रवाल्यांनी एक लक्षात घ्या, स्वालबार्डला मूळ रहिवासी असे कधी नव्हतेच. म्हणून हिमाद्रीवरून बर्फ, हवा, पाणी, जीवजंतू यांचं काम होतं, सामी किंवा इन्युइट लोकांबद्दलचं काम करायचं तर वाट वेगळी, ती नॉर्वे, फिनलंड, कॅनडातल्या विद्यापीठांतून जाते. २०२२ मध्ये भारताचं आर्क्टिक धोरण आलं ते आधी वाचा, फार मोठं नाही, प्रस्ताव लिहिताना आपला विषय त्यातल्या कोणत्या कलमात बसतो ते सांगता आलं पाहिजे.

वेळेचं गणित असं धरा. जून-जुलैत विषय नक्की करून वाचन, ऑगस्टमध्ये समुद्री बर्फाचा सराव, सप्टेंबरमध्ये कौटोकेइनोचा डेटा, तेव्हा त्या वर्षाचा बर्फाचा नीचांक बातम्यांत येतोच म्हणजे मार्गदर्शकांना पण रस वाटतो. दिवाळीच्या सुट्टीत बागवाल्यांशी ओळख, थर्मामीटर लावणं, नोव्हेंबरपासून नोंदी, डिसेंबर-जानेवारीत मुलाखती, त्या पण सकाळी लवकर किंवा रात्री, दिवसा शेतकरी सापडत नाही आणि सापडला तरी त्याचं डोकं मजुरांकडं असतं. फेब्रुवारीच्या शेवटी नोंदी बंद करून लिहायला बसा, फाईलच्या दोन कॉप्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण मार्चमध्ये लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो.